जुना ट्यूब ॲम्प घ्यायचाय? आधी मागची बाजू बघा

जुन्या गिटार ॲम्पच्या जाहिरातीत पहिला फोटो नेहमी समोरून काढलेला असतो. चंदेरी पट्टी, निळी अक्षरं, कोपऱ्यात तो तिरका फेंडरचा लोगो, आणि नवखा माणूस तिथेच विरघळतो. मीही विरघळलो होतो. न्यू जर्सीत आल्यावर दुसऱ्याच वर्षी एका माणसाच्या गॅरेजमधून मी पहिला ॲम्प उचलला. गाडीत घालून घरी आणला, दोन दिवस वाजवला, तिसऱ्या दिवशी जळका वास आला. तेव्हा कुठे मागची फळी काढली. आत आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या (ट्यूबांची ताकद स्पीकरला पोचवणाऱ्या भागाच्या) जागी कुठल्याशा भलत्याच यंत्रातून काढलेला गोळा तारांनी लोंबत होता. विकणाऱ्याने काही लपवलं नव्हतं. मीच विचारलं नव्हतं.

तेव्हापासून मी ॲम्प मागून बघायला सुरुवात करतो. पुढे जे लिहिलंय ते अमेरिकेत राहून पहिलाच जुना ॲम्प शोधणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे, कारण माल तिथे आहे. भारतात न्यायचा असेल त्यांच्यासाठी शेवटी थोडं वेगळं लिहिलंय.

पैसे कशाचे देतो आपण?

हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं. जुन्या ट्यूब ॲम्पमध्ये टिकाऊ माल चार: पॉवर ट्रान्सफॉर्मर, आउटपुट ट्रान्सफॉर्मर, स्पीकर आणि लाकडी खोका. पैसे यांचे. ट्यूबा, जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह, म्हणजे स्कूटरचे टायर, झिजणार आणि बदलायच्या. पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर (पुढे त्यांनाच फिल्टर कंडेन्सर म्हटलंय) म्हणजे इंजिन ऑइल. पन्नास वर्षं तेच असतील तर ‘अजून ओरिजिनल आहेत’ म्हणून कोणी मिरवू नये. त्यामुळे ‘नव्या ट्यूबा टाकल्यात’ म्हणून विकणारा दोनशे डॉलर जास्त मागत असेल तर मान डोलवा आणि एक डॉलरही वाढवू नका. उलट ट्यूबा मेलेल्या आहेत म्हणून चांगला ॲम्प सोडूही नका.

कोणता घ्यावा

लहान. नवख्याने लहानच घ्यावा, यावर मी हट्टी आहे.

ट्यूब ॲम्पची गंमत आउटपुटच्या ट्यूबा थोड्या घामाघूम झाल्या की सुरू होते. हलकं वाजवलं तर स्वच्छ, जोरात छेडलं तर कडेने फाटल्यासारखा, दाणेदार आवाज. ट्विन रिव्हर्ब ८५ वॅटचा, चार ६एल६ ट्यूबा, दोन बारा इंची स्पीकर, वजन तीस किलोच्या आसपास. घरात त्याचा व्हॉल्यूम दोनच्या वर जात नाही, म्हणजे ज्याच्यासाठी घेतला ते कधी ऐकूच येत नाही. त्यात एक गणित बरेच जण विसरतात. कानाला आवाज दुप्पट वाटायला ताकद साधारण दहापट लागते. म्हणजे ५ वॅटचा ॲम्प ५० वॅटच्या निम्म्याने तरी ऐकू येतो. पाच वॅटला खेळणं समजणाऱ्याने एकदा तो फ्लॅटमध्ये दहावर ठेवून बघावा. शेजारी येतील.

माझी पसंती फेंडरच्या तीन लहान भावंडांना. चॅम्पमध्ये एक १२एएक्स७ (लहान, पुढची ट्यूब), एक ६व्ही६ (आउटपुटची ट्यूब), एक रेक्टिफायर ट्यूब (एसीचं डीसी करणारी) आणि आठ इंची स्पीकर. याहून साधा ॲम्प नाही, आणि त्याला बायस (आउटपुट ट्यूबमधून शांत असताना किती करंट वाहायचा ते) जुळवायची भानगड नाही. प्रिन्स्टन रिव्हर्ब म्हणजे दोन ६व्ही६, बारा वॅट, दहा इंची स्पीकर, शिवाय रिव्हर्ब (मोठ्या खोलीसारखा घुमारा) आणि ट्रेमोलो (आवाजाची लहान-मोठी होणारी थरथर). डिलक्स रिव्हर्ब बावीस वॅटचा, बारा इंची, आणि ड्रमरबरोबर वाजवायचं असेल तर हाच.

आता रंगाचा प्रश्न. लिओ फेंडरने कंपनी जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या रेडिओ-टीव्ही प्रसारण कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली. त्याच्या थोडं आधीपासून १९६७ पर्यंत ॲम्पची पुढची पट्टी काळी होती, १९६८ पासून चंदेरी. काळ्या पट्टीवाल्यांना संग्राहक सोन्याचा भाव देतात, आणि ‘सीबीएसने बिघडवलं’ ही समजूत अजून ठाण मांडून आहे. मोठ्या ॲम्पच्या बाबतीत ती काही अंशी खरी आहे, कारण ट्विन आणि सुपर रिव्हर्बच्या सर्किटमध्ये सीबीएसच्या इंजिनिअरांनी हात घातला होता. पण चॅम्प, प्रिन्स्टन रिव्हर्ब आणि डिलक्स रिव्हर्ब जवळपास होते तसेच राहिले. चंदेरी पट्टीचा लहान फेंडर म्हणजे त्याच सर्किटला रंगामुळे मिळालेली सवलत. ती घ्या.

मार्शल आणि व्हॉक्सबद्दल थोडक्यात. जिम मार्शलने १९६२ मध्ये लंडनच्या हॅनवेलमधल्या आपल्या दुकानात जेटीएम४५ बनवून घेतला तो फेंडरच्या बासमन ॲम्पवर बेतलेला होता. जुन्या व्हॉक्स एसी३० मध्ये चार ईएल८४ ट्यूबा भट्टीसारख्या तापतात आणि आजूबाजूच्या सगळ्या सुट्या भागांना भाजून काढतात. दोन्ही सुंदर, दोन्ही पहिल्या खरेदीसाठी नकोत.

कमी पैशात काही हवं असेल तर सिअर्सच्या दुकानांतून विकले गेलेले सिल्व्हरटोन बघा, त्यांतले बरेचसे न्यू जर्सीतल्याच डॅनइलेक्ट्रोने बनवलेले. शिकागोच्या वाल्कोचे सुप्रो आहेत, मिशिगनमधल्या कॅलमझूचे लहान गिब्सन आहेत. आणि आपल्या एडिसनजवळच्या लिंडन गावात बनलेले अँपेग. अँपेगचा संस्थापक एव्हरेट हल याला आवाज फाटलेला अजिबात खपत नसे, त्यामुळे ते ॲम्प फार स्वच्छ वाजतात. जॅझ वाजवणाऱ्याने आधी तिकडे बघावं. फक्त या सगळ्या ब्रँडमध्ये एक तपासा: आत ज्या ट्यूबा लागतात त्या आज नव्या बनतात का? १२एएक्स७, ६व्ही६, ६एल६, ईएल८४, ईएल३४ या सर्रास मिळतात. आकड्यांत भलतंच काही दिसलं तर घेण्याआधी किंमत बघून या.

एक ॲम्प जो घ्यायचाच नाही

हा परिच्छेद घाईत वाचू नका. पन्नास-साठच्या दशकात विद्यार्थ्यांसाठी फार स्वस्त ॲम्प निघाले. त्यांतल्या बऱ्याच जणांत पॉवर ट्रान्सफॉर्मरच नाही. भिंतीतली वीज सरळ आत. चेसिसचा (म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्याचा) विजेच्या एका तारेशी थेट संबंध, चेसिसचा गिटारच्या तारांशी, आणि तारांवर तुमची बोटं. प्लग उलटा बसला की संपलं. अमेरिकेत यांना विधवा करणारे ॲम्प म्हणतात, आणि ते नाव विनोदाने पडलेलं नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. अमेरिकन ट्यूबच्या नावातला पहिला आकडा म्हणजे तिच्या हीटरला लागणारे व्होल्ट. ६व्ही६ ला सहा, १२एएक्स७ ला बारा. आता ट्यूब चार्टवर (कुठे कोणती ट्यूब ते सांगणाऱ्या आतल्या कागदावर) ५०सी५ आणि ३५डब्ल्यू४ दिसल्या तर बेरीज करा: पन्नास आणि पस्तीस आणि बाकीच्या बारा-बाराच्या एक-दोन. शंभर-सव्वाशेच्या घरात येते, म्हणजे भिंतीतल्या विजेइतकी. ट्रान्सफॉर्मर टाळण्यासाठी हीटर दिवाळीच्या माळेसारखे एकामागे एक जोडलेत. अशांपैकी थोड्यांत भिंतीतल्या विजेपासून चेसिस वेगळं ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असतो, पण ती पारख पहिल्या खरेदीत करायची नसते. चाळीस डॉलरला मिळाला तरी नको.

कुठे शोधायचा

रिव्हर्ब डॉट कॉम आणि ईबे भाव शिकायला उत्तम. खरेदीला तितके नाहीत, कारण तिथे विकणाऱ्यालाही सगळं माहीत असतं आणि वर कुरिअरवाले वीस किलोचा खोका कसा फेकतात ते देवालाच माहीत. भाव बघताना मागितलेला भाव बघू नका, विकला गेलेला बघा. दोन्ही साइटवर झालेल्या विक्रीचे भाव गाळून बघता येतात. एकाच मॉडेलचे आठ-दहा सौदे वहीत उतरवून ठेवले की तुमचा आकडा पक्का होतो.

खरेदी मात्र हाताने करा. फेसबुक मार्केटप्लेस, क्रेगलिस्ट, गावातल्या वाद्यांच्या दुकानातला जुन्या मालाचा कोपरा, पॉन शॉप. आणि एस्टेट सेल. घरातला वडीलधारा माणूस गेला किंवा वृद्धाश्रमात गेला की शनिवारी सकाळी अख्खं घर विकायला काढतात. तिथे तळघरात, ख्रिसमसच्या झाडाच्या खोक्यामागे, अजून ॲम्प निघतात. मनाला थोडं लागतं. तरीही जा, मुलांना नको असतं ते आणि फेकलं जाणार असतं.

शोधताना नेमकं मॉडेल टाकू नका. ज्याला प्रिन्स्टन शब्द माहीत आहे त्याला भावही माहीत आहे. ‘ओल्ड गिटार ॲम्प’, ‘व्हिंटेज स्पीकर बॉक्स’, ‘डॅड्स ॲम्प’ असं साधं टाकून बघा.

जाहिरात आवडली की भाव विचारायच्या आधी फोटो मागा: मागची पूर्ण बाजू, खोक्याच्या आत चिकटवलेला ट्यूब चार्ट, स्पीकरची मागची बाजू, दोन्ही ट्रान्सफॉर्मर जवळून, आणि विजेची वायर. सोबत एकच प्रश्न: शेवटची सर्व्हिस कधी झाली, काय बदललं, पावती आहे का? ‘कधी उघडावाच लागला नाही’ हे उत्तर अभिमानाने येतं, पण तुम्ही ते ‘सर्व्हिसचे तीनशे डॉलर तुमच्या माथी’ असं वाचा. आणि ‘तीस वर्षं माळ्यावर होता, चालतो की नाही माहीत नाही’ असं कोणी म्हणालं तर कळकळीने सांगा, लावून बघू नका हो, तसाच ठेवा. झोपलेले कंडेन्सर एकदम पूर्ण व्होल्टेजवर उठवले की फुटतात, आणि जाताना पॉवर ट्रान्सफॉर्मरला सोबत नेतात.

बघायला गेल्यावर: प्लग लावण्याआधी

सोबत न्यायचं सामान: टॉर्च, स्क्रू ड्रायव्हर, स्वतःची गिटार आणि स्वतःची केबल, मागे रबर असलेली पेन्सिल, मल्टिमीटर. आणि भिंतीतल्या सॉकेटचं अर्थिंग दाखवणारा तो तीन दिव्यांचा छोटा टेस्टर, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. समोरच्याच्या गॅरेजचं वायरिंग कसं आहे ते आपल्याला काय माहीत!

मालकाला विचारून मागची वरची फळी काढा. चार-सहा स्क्रू असतात. चेसिस बाहेर काढायचं नाही, नुसतं मागून बघायचं. आत चारशेच्या वर व्होल्ट फिरत असतात आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सर ते धरून बसतात. गिरगावात माझे एक काका रेडिओ दुरुस्त करायचे. उघड्या व्हॉल्व्ह सेटवर काम करताना त्यांचा डावा हात कायम खिशात असे. दोन हातांमधून वीज गेली की ती छातीतून जाते. ती सवय त्यांना कोणी शिकवली कोण जाणे, आम्हाला मात्र ती त्यांची ऐट वाटायची.

आधी ट्रान्सफॉर्मर. बोल्टवरचा रंग उडालेला, तारा मध्येच नव्या जोडलेल्या, चेसिसला एकाऐवजी दोन जोड्या भोकं, यातलं काही दिसलं तर बदललेला आहे. मग त्यावरचा शिक्का वाचा. अमेरिकन सुट्या भागांवर बनवणाऱ्याचा क्रमांक, मग वर्ष, मग आठवडा असा शिक्का असतो. फेंडरवर बहुतेक ६०६ ने सुरू होणारा दिसेल, तो शूमाकरचा. ६०६-६३४ म्हणजे शूमाकर, वर्षाचा शेवटचा आकडा सहा, चौतिसावा आठवडा. सहा म्हणजे १९६६ की १९७६, ते बाकीच्या खुणांवरून ठरवायचं. स्पीकरवर हेच: २२० जेन्सन, ४६५ ऑक्सफर्ड, १३७ सीटीएस, ३२८ यूटा, ६७ एमिनन्स. स्पीकर आणि ट्रान्सफॉर्मर काही महिन्यांच्या अंतरात आले तर जोडी मूळची. स्पीकर पाच वर्षांनी ‘लहान’ निघाला तर तो नंतर घातलेला.

साठच्या दशकातल्या फेंडरच्या ट्यूब चार्टवर रबरी शिक्क्याची दोन इंग्रजी अक्षरं असतात. पहिलं वर्षाचं, दुसरं महिन्याचं. वर्षाची मोजणी १९५१ म्हणजे ‘ए’ पासून. त्यामुळे ‘पी’ म्हणजे १९६६, आणि पुढे ‘डी’ असेल तर एप्रिल. हे मला एखाद्या कुंडलीसारखं वाटतं. फरक इतकाच की इथे जुळवून दाखवता येतं. विकणारा ‘१९६४ चा’ म्हणत असेल आणि ट्रान्सफॉर्मर सदुसष्टचा निघाला तर भांडू नका, शिक्का दाखवा आणि गप्प बसा.

मग वायर. दोन पिनांची वायर दिसली आणि मालक ‘बघा, सगळं ओरिजिनल’ म्हणाला तर लक्षात ठेवा, ही वायर बदलावीच लागणार आहे. जुन्या दोन पिनी ॲम्पमध्ये विजेची एक तार आणि चेसिस यांच्यामध्ये एक कंडेन्सर असतो, मागे ‘ग्राउंड’ लिहिलेल्या खटक्याला जोडलेला. तो बिघडून शॉर्ट झाला तर चेसिस जिवंत होतं, आणि माइकला ओठ लागले की कळतं. कारागीर तो कापून टाकतात आणि तीन पिनांची अर्थिंगवाली वायर घालतात. हे झालेलं असेल तर ॲम्पची किंमत कमी होत नाही. नव्या फिल्टर कंडेन्सरचंही तसंच. संग्रहालयात ठेवायचा असेल तर गोष्ट वेगळी. वाजवायचा असेल तर या दोन दुरुस्त्या झालेल्या असणं हा गुण आहे.

उलट काही बदल किंमत पाडतात: पुढच्या पट्टीत मास्टर व्हॉल्यूमसाठी नवं भोक, कापून रुंद केलेला बॅफल (स्पीकर ज्या फळीवर बसवतात ती), काढून टाकलेला रिव्हर्ब. भोक भरत नाही.

स्पीकरच्या कोनवर, म्हणजे कागदी शंकूवर, टॉर्च मारा. बारीक चीर चालेल, चिकटवता येते. दोन्ही हातांची बोटं पसरून कोन अगदी हलकेच सरळ आत ढकला. घासल्याचा आवाज आला तर कॉइल वाकडी झाली आहे. मल्टिमीटरने स्पीकरची एक तार सोडवून मोजलं तर ८ ओहमचा स्पीकर साधारण सहा-सात दाखवतो, ४ ओहमचा तीन-साडेतीन. काहीच दाखवलं नाही तर स्पीकर मेला. तार परत लावायला विसरू नका. ट्यूब ॲम्प स्पीकरशिवाय चालवला की आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि मग तुम्ही तो विकत घेतलाच म्हणून समजा.

आता चालू करा

सॉकेट तपासलं, अर्थिंग आहे. सगळे व्हॉल्यूम शून्यावर. मालकालाच चालू करायला सांगा, हा शिष्टाचार आणि शहाणपण दोन्ही आहे. मोठ्या ॲम्पवर स्टँडबायचा वेगळा खटका असतो, तिथे आधी पॉवर, अर्ध्या मिनिटाने स्टँडबाय. चॅम्प आणि प्रिन्स्टनवर तो नसतोच.

वाजवायला घाई नको. मागे बसून ट्यूबांकडे बघा. आत नारिंगी तंतू चमकतात ते ठीक. आउटपुट ट्यूबच्या आतली करडी धातूची प्लेट स्वतः लाल व्हायला लागली तर ताबडतोब बंद. बायस गेलाय किंवा कंडेन्सर गळतोय. दुरुस्त होतं, पण भाव त्या हिशेबाने.

शून्यावरही जोरात ‘घुंऽऽ’ येत असेल तर बहुधा फिल्टर कंडेन्सर. हलकी घुरघुर प्रत्येक जुन्या ॲम्पला असते, तिला घाबरू नका. मग गिटार न लावता एकेक बटण फिरवा. खरखर झाली तर पॉटमध्ये (बटणामागच्या फिरत्या भागात) धूळ आहे, क्लीनरच्या फवाऱ्याने जाते. व्हॉल्यूम निम्म्यावर ठेवून पेन्सिलीच्या रबराने लहान ट्यूबांवर टकटक करा. एखादी घंटेसारखी वाजली तर ती ट्यूब बदलायची, दहा-वीस डॉलरचं काम. हीच टकटक बघून मालक घाबरला तर भावात फायदा होतो, असा माझा अनुभव आहे. (दोनदा.)

रिव्हर्ब तपासायला ॲम्पला मागून हलकासा धक्का द्या. तळाशी पिशवीत स्प्रिंगा असतात, ढगासारखा गडगडाट आला की त्या जिवंत. आणि ट्रेमोलो. फेंडर त्याला पट्टीवर ‘व्हायब्रेटो’ म्हणतं, आयुष्यभर चुकीचं म्हणत आलंय. डिलक्स आणि ट्विनसारख्या मॉडेलवर पायाचा स्विच जोडलेला नसेल तर ट्रेमोलो सुरूच होत नाही. स्विच हरवलेला असतो, मालक ‘तेवढं बंद आहे’ म्हणून पन्नास डॉलर उतरवतो, आणि घरी नवा स्विच लावला की धडधडायला लागतं. हे मालकाला सांगायचं की नाही ते तुमच्या संस्कारांवर. मी सांगतो. मग तोही कधीकधी खूश होऊन काहीतरी कमी करतो.

शेवटी गिटार लावा आणि निदान पंचवीस मिनिटं वाजवा. पाच मिनिटांत सगळे ॲम्प चांगले वाटतात. तापल्यावर आवाज बसतो का, चिरचिर सुरू होते का, मेणासारखा किंवा जळका वास येतो का, हे तेवढ्या वेळातच कळतं. पॉवर ट्रान्सफॉर्मरजवळ नाक न्या. कोमट असायला हरकत नाही, हात ठेवता येत नसेल तर नको. दोन्ही इनपुटमध्ये केबल हलवून बघा, सर्वांत जोरात एकदा वाजवा, अगदी शांतपणे एकदा.

भाव आणि त्यानंतर

तुमच्या वहीतला आकडा घ्या, तो चांगल्या, सर्व्हिस झालेल्या ॲम्पचा समजा. त्यातून वजा करत जा: फिल्टर कंडेन्सर आणि तीन पिनांची वायर झालेली नसेल तर कारागिराचे अडीचशे-तीनशे डॉलर, स्पीकर मूळचा नसेल तर एक चांगला तुकडा. आउटपुट ट्रान्सफॉर्मर बदललेला असेल तर वाजवायला नवाही बरा असतो, पण भाव मूळच्या मालाचा द्यायचा नाही. घासाघीस करताना दोष मोजून दाखवा, माल वाईट म्हणू नका. तो कोणाच्या तरी वडिलांचा असतो.

घरी आल्यावर ॲम्प कितीही छान वाजत असला तरी एकदा ट्यूब ॲम्पच्या कारागिराकडे न्या. त्याला सांगा, फिल्टर कंडेन्सर, बायस, वायर बघा, बाकी कशाला हात लावू नका. उत्साही कारागीर सिग्नलच्या वाटेवरचे जुने कंडेन्सरही काढून नवे घालतात. ते सहसा चांगले असतात आणि ॲम्पचा आवाज त्यांच्यातही असतो. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून परत मागा आणि ती पिशवी खोक्यात आत ठेवा. पुढच्या खरेदीदाराला ती दाखवता येते.

माळ्यावर पडून असलेला ॲम्प घेतला असेल तर तो आधी कसा उठवला जातो ते बघण्यासारखं असतं. व्हेरिॲकने (व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) व्होल्टेज हळूहळू चढवतात, किंवा काकांच्या दुकानातला तो सिरीज बोर्ड: मध्ये साधा फिलामेंटचा बल्ब. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. ढणढण जळत राहिला तर आत शॉर्ट आहे आणि बल्बाने ट्रान्सफॉर्मर वाचवला. गिरगावच्या बोर्डावर ६० चा आणि १०० चा असे दोन होल्डर होते. इथल्या कारागिराच्या बाकावर अगदी तसाच बोर्ड बघितला तेव्हा मी त्याला काकांबद्दल सांगितलं, आणि त्या दिवशी त्याने तपासणीचे पैसे घेतले नाहीत.

भारतात न्यायचा असेल तर

अमेरिकन ॲम्प सरळ आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला लावला की एका सेकंदात संपतो. निर्यातीसाठी बनलेल्या काही ॲम्पवर आणि बहुतेक ब्रिटिश ॲम्पवर मागे व्होल्टेज निवडायचा खटका असतो, असला तर नशीब. नाहीतर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर. ॲम्पच्या मागे लिहिलेल्या वॅटच्या दुप्पट तरी ताकदीचा घ्या, वेगवेगळ्या वाइंडिंगचा घ्या, ऑटो ट्रान्सफॉर्मर नको. आणि त्याच्या बाहेर येणाऱ्या सॉकेटला अर्थ पिन खरोखर जोडलेली आहे का ते मीटरने तपासा. पुष्कळदा नुसतं भोक असतं. दुसरी गोष्ट, तिथली वीज ६० हर्ट्झ, आपली ५०. साठसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर पन्नासवर जास्त तापतो. पहिल्या आठवड्यात दर अर्ध्या तासाने हात लावून बघा.

विमानात नेताना प्रिन्स्टन पंधरा-सोळा किलोचा, खोक्यासकट २३ किलोत बसवता येतो. सगळ्या ट्यूबा काढून, खोबणीचा नंबर चिकटवून, मोज्यांत गुंडाळून वेगळ्या. स्पीकरच्या मागची मोकळी जागा उशीने भरा, आणि रिव्हर्बची पेटी आत हलणार नाही असं बघा.

ट्यूबांची चिंता मात्र करू नका. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने साठच्या दशकापासून आपल्या घराघरांतल्या रेडिओंसाठी व्हॉल्व्ह बनवले. ईसीसी८३ म्हणजे आपली १२एएक्स७ आणि ईएल८४ त्यांत होत्या. आज परदेशातले लोक ‘बीईएल’ छापलेल्या त्या ट्यूबा शोधत असतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जुन्या दुकानदारांकडे विचारा, चोरबाजारात जुन्या रेडिओवाल्यांकडे विचारा. विचारताना ट्यूब नाही, व्हॉल्व्ह म्हणा. आणलेली १२एएक्स७ मागून बघताना सर्वांत उजवीकडच्या, पहिल्या खोबणीत लावा आणि पेन्सिलीने टकटक करा. घंटी वाजली तर फेकून देऊ नका. प्रिन्स्टनमध्ये ६व्ही६ च्या शेजारची जी लहान खोबण आहे तिथे तीच ट्यूब मुकाट्याने चालते.